तो ओंकार नव्हता, ५० हर्ट्झची गुणगुण होती

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. त्या नाशिकरोडला राहतात, प्रायोगिक नाटकात काम करतात आणि इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्या आहेत. त्यांना ४० मिनिटांचा एकपात्री प्रयोग बसवायचा आहे. डोक्याला ईईजीचा, म्हणजे मेंदूचे विद्युत संकेत टिपणारा बँड लावून रंगमंचावर ध्यानाला बसायचं, मेंदूच्या लहरींवर प्रकाश आणि आवाज चालवायचा, आणि ध्यान खोल गेलं की ते प्रेक्षकांना ‘दिसलं’ पाहिजे. घरी बँड लावला की आलेख शांत बसतो. तालमीत चार मित्र समोर बसले की नुसता नाचतो. मग कोणता बँड घ्यावा, आणि ध्यान लागलंय हे खात्रीनं दाखवायचं कसं? जाता जाता सेन्सर पॉवर बँकेवर चालतील का, हेही विचारलंय.

पॉवर बँकेचं शेवटी सांगतो. आधी एक गोष्ट: तुमचा बँड बिघडलेला नाही. चार मित्र समोर बसल्यावर आलेख नाचतो, तो नाचायलाच हवा. कुणी बघतंय हे विसरून बसायचं, आणि कुणी बघतंय म्हणून दाखवायचं, अशी दोन उलट कामं तुम्ही एकाच शरीराला सांगताय. महागडा बँड आणलात तर ही ओढाताण जास्त स्पष्ट दिसेल, एवढाच फरक पडेल. म्हणजे खरा प्रश्न खरेदीचा नाही. तुम्हाला प्रेक्षकांपुढे काही सिद्ध करायचंय की काही करून बघायचंय, हे आधी ठरवावं लागेल.

मी पेशानं वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारा. ईसीजी मशीन, मॉनिटर, सिरिंज पंप. बावीस वर्षं दिवसा नाशिकच्या हॉस्पिटलांत हेच केलं आणि संध्याकाळी नाटकांचे दिवे लावले. दोन्ही कामं एकमेकांत कधी मिसळली कळलंच नाही. गेली काही वर्षं अंगावर सेन्सर लावून छोटे प्रयोग करतो, चाळीस-पन्नास प्रेक्षकांचे. चुका भरपूर केल्यात, त्यातली पहिली सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिल्या प्रयोगात मी कपाळाला इलेक्ट्रोड लावून बसलो होतो. घरी बनवलेला अॅम्प्लिफायर, त्याचं आउटपुट थेट स्पीकरला. कल्पना अशी की मन शांत होत जाईल तसा आवाज बदलेल. आणि बदलला! साधारण पंधराव्या मिनिटाला एक खोल, अखंड घुमारा सुरू झाला. हॉल चिडीचूप. प्रयोग संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ डोळे पुसत आले, माझा हात धरून म्हणाले, “तुमच्या मेंदूतून ओंकार आला हो.” दोन दिवस मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर टाकलं. घुमारा बरोबर ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांचा, सोबत १०० चा. आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. मी त्या क्षणी समाधीत वगैरे नव्हतो. त्या क्षणी माझ्याच प्रकाशयोजनेप्रमाणे सगळे दिवे निम्म्यावर आले होते. दिवे मंद करणारे जुने थायरिस्टरचे डिमर विजेची लाट मधूनच कापतात, आणि निम्म्यावर असताना ती ऐन शिखरावर कापली जाते. तेव्हाच त्यांचा सगळ्यात जास्त गोंगाट तारांमध्ये शिरतो. माझं कपाळ आणि तीन मीटर साधी वायर मिळून मस्त अँटेना झाला होता.

ते गृहस्थ पुढच्या प्रयोगाला भेटले तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, “ते तुम्हाला. मला ऐकू आलं ते आलं.” यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण तेव्हापासून एक नियम पाळतो: सेन्सर काय मोजतो हे आधी प्रेक्षकांना सांगायचं, आणि तो जे मोजत नाही त्याचं श्रेय घ्यायचं नाही.

आता बँड काय मोजतो ते बघू. डोक्याच्या कातडीवर मेंदूचा जो विद्युत संकेत पोचतो तो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. छातीवर हृदयाचा संकेत एक मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे कित्येक पटींनी मोठा. पापणी लवली, दात आवळले, कपाळाला आठी पडली की स्नायूंचा संकेत मेंदूच्या संकेताला सहज झाकून टाकतो. तालमीत मित्र आल्यावर तुमचा आलेख नाचतो तेव्हा त्यात मेंदू किती आणि जबडा किती, हे मला इथून सांगता येणार नाही, पण पैज लावायची तर मी जबड्यावर लावीन. एक करून बघा. बँड लावून आरामात बसा, मुद्दाम दात आवळा, मग सोडा. तसाच नाच दिसला तर चोर सापडला. आणि हो, केसांना खोबरेल लावून बँड लावू नका. हसू नका, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

अल्फा लहरी म्हणजे सेकंदाला ८ ते १२ च्या आसपास. ध्यानाच्या अॅपमध्ये यांचाच उदोउदो असतो. हान्स बेर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिला ईईजी घेतला आणि १९२९ साली तो छापला. डोळे मिटले की अल्फा वाढतात, उघडले की दबतात, हे त्याच्या काळापासून माहीत आहे. म्हणजे डोळे मिटून उद्या कोणती भाजी आणायची याचा विचार करत बसलात तरी अल्फा वर जातील. काही जणांच्या मुळातच कमी दिसतात, म्हणून ते कमी शांत ठरत नाहीत. काही बँड ० ते १०० असा ‘मेडिटेशन’चा थेट आकडा देतात. तो कोणत्या सूत्रानं काढला हे कंपनी उघड करत नाही. तो आकडा पडद्यावर दाखवणार असाल तर माझी हात जोडून विनंती आहे, दाखवू नका.

मग अल्फा वापरूच नयेत का? तसं नाही. अमेरिकन संगीतकार अॅल्विन ल्युसिए यांनी १९६५ मध्ये नेमकं हेच केलं. एडमंड ड्यूअन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाकडून मेंदूच्या लहरी टिपणारी सामग्री मिळाली. ल्युसिए डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून खुर्चीत बसले. अल्फा लहरी कानाला ऐकू येत नाहीत, कारण आपलं ऐकणं साधारण २० हर्ट्झपासून सुरू होतं. पण त्या वाढवून स्पीकरला दिल्या तर स्पीकरचा पडदा थरथरतो. त्यांनी स्पीकर ढोल, झांजा अशा तालवाद्यांना भिडवले, आणि माणूस निश्चल बसलेला असताना वाद्यं वाजू लागली. मला यात आवडतं ते हे, की डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या लहरी वाद्यं वाजवतात, बस, एवढंच ते दाखवतात. समाधीचा दावा कुठेच नाही.

मी याची नाशिकची आवृत्ती करून बघितली. नाशिक ढोल आडवा ठेवला, एका पानाला खालून ट्रान्सड्यूसर (पृष्ठभागच थरथरवणारा छोटा स्पीकर) लावला आणि वरच्या पानावर मूठभर ज्वारी टाकली. छोट्या ट्रान्सड्यूसरनं ढोल काही हलेना. मोठ्या सबवूफरचा सुटा स्पीकर आणून आतून बसवला तेव्हा दाणे उडायला लागले. डोळे मिटले की ज्वारी नाचते, उघडले की थांबते. पहिल्या रांगेतल्या पोरांना ते इतकं आवडलं की ती मला ओरडून सांगायला लागली, “काका, डोळे उघडू नका!” अर्थात तेवढ्यानं लहरी गेल्याच. तुम्हाला ईईजी ठेवायचाच असेल तर असा ठेवा. उघड, साधा, एकच गोष्ट करणारा.

ध्यान दाखवण्याबद्दल मात्र शास्त्रज्ञांचंही एकमत झालेलं नाही, आणि ती गोष्टच तुमच्या उपयोगाची आहे. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांचे ईईजी घेतले. एरवी आवाज झाला, दिवा चमकला की अल्फा तुटतात. या योग्यांच्या ध्यानात असताना तुटल्या नाहीत. बाहेरचं जग जणू पोचतच नव्हतं. पुढे १९६६ मध्ये जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवर टिचकीसारखा आवाज पुनःपुन्हा वाजवून पाहिला. सामान्य माणसाला आवाजाची सवय होते आणि प्रतिसाद हळूहळू बोथट होतो. झेन साधक मात्र प्रत्येक आवाजाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखा प्रतिसाद देत राहिले. एकाकडे दार बंद, दुसऱ्याकडे दार सताड उघडं, आणि दोन्हीला आपण ध्यान म्हणतो. १९८१ मध्ये बेकर आणि शापिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांना असेच आवाज ऐकवले, तेव्हा गटागटांत तसा फरक सापडलाच नाही. आता सांगा, तुम्ही पडद्यावर नक्की काय दाखवणार?

मी तुमच्या जागी असतो तर हाच घोळ रंगमंचावर आणला असता. आपल्या भाषेत नाटकाच्या खेळाला प्रयोग म्हणतात आणि प्रयोगशाळेत करतात त्यालाही प्रयोगच. ही सोय इतर भाषावाल्यांना सहसा मिळत नाही, ती वाया का घालवायची?

माझी सूचना अशी. ईईजी बाजूला ठेवा. डाव्या हाताच्या दोन बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणारा जीएसआर सेन्सर लावा. तळहात आणि बोटांवरच्या घामाच्या ग्रंथींना आपल्या सावध होणाऱ्या मज्जासंस्थेकडून थेट निरोप जातो. दचकलात की एक ते तीन सेकंदांत वाहकता वाढते. त्या वाढीवर रंगमंचावरचा एकच दिवा चालवा. प्रेक्षकांत एक टाळ फिरवा. ज्याच्या हातात येईल त्यानं मनाला येईल तेव्हा एकदा वाजवायचा, फक्त दोन टाळांमध्ये किमान दहा सेकंद जाऊ द्यायचे, नाहीतर आधीचा प्रतिसाद ओसरायच्या आत पुढचा येतो. वीस टाळ तुम्ही डोळे उघडे ठेवून, प्रेक्षकांशी गप्पा मारत असताना. वीस टाळ ध्यानाला बसल्यावर. दिवा प्रत्येक वेळी किती उजळतो, हे सगळेच बघतील. तो बोथट होत जाईल, की विसाव्या टाळालाही पहिल्यासारखा उजळेल, हे तुम्हालाही आधी माहीत नसेल. नाट्य तिथेच आहे.

एखादा चिकित्सक प्रेक्षक विचारणारच: दुसऱ्या फेरीत प्रतिसाद कमी झाला तो ध्यानानं, की नुसत्या सवयीनं? प्रश्न रास्त आहे. म्हणून एका प्रयोगाला आधी गप्पा मग ध्यान, पुढच्याला आधी ध्यान मग गप्पा. बाहेर फळ्यावर प्रत्येक प्रयोगाचा निकाल खडूनं लिहीत जा. पाच-सहा प्रयोगांनंतर तो फळाच लोक जास्त वेळ वाचत उभे राहतील. अडचण एकच: काही जणांची बोटं जीएसआरला फारसं उत्तरच देत नाहीत. तुमची देतात का ते आधी तपासा. कुणाला तरी मागून अचानक ताट आपटायला सांगा.

आता श्वास आणि नाडी. बहुतेकांना मी ईईजीऐवजी हेच सुचवतो, कारण संकेत मोठा असतो आणि प्रेक्षकाला लगेच कळतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे जलद होतात, सोडताना मंदावतात. निरोगी माणसात हे नैसर्गिक असतं. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले तर हा चढउतार सगळ्यात मोठा आणि देखणा होतो. २००१ मध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी इटलीत दाखवलं की लॅटिनमधली जपमाळ असो की ‘ॐ मणि पद्मे हुम्’, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. हे वाचून मला आपल्या आजीची संध्याकाळची जपमाळ आठवते, पण तो वेगळा विषय.

सावध कुठे राहायचं तेही सांगतो. एकदा मी कानाला सेन्सर लावून, पाच सेकंद आत आणि पाच सेकंद बाहेर असा श्वास मोजत बसलो, आणि मनात मुद्दाम दुकानाच्या थकलेल्या वीजबिलाचे हप्ते पाडत होतो. आलेख इतका सुंदर आला की एखाद्या साधनेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभला असता. म्हणजे या आलेखावरून श्वास संथ आहे एवढंच म्हणता येतं. तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. शिबिरात पहिले तीन दिवस आनापान शिकवतात, त्यात श्वास आहे तसा बघायचा असतो, बदलायचा नाही. प्रकाश छान दिसावा म्हणून तुम्ही श्वास लांबवायला लागलात तर ते आनापान राहत नाही, प्राणायाम होतो. दोन्ही चांगले, पण प्रेक्षकांना एक सांगून दुसरं करू नका. आणि केंद्राचं किंवा साधनेचं नाव जाहिरातीत न घातलेलं बरं. ती परंपरा प्रदर्शनासाठी नाही, हे तुम्हीच जास्त जाणता.

यंत्रानं दावा तपासल्याचा जुना किस्सा सांगण्याचा मोह आवरत नाही. तेरेझ ब्रॉस नावाच्या फ्रेंच हृदयतज्ज्ञ १९३५ मध्ये ईसीजी मशीन घेऊन भारतात आल्या आणि एका योग्यानं हृदय जवळजवळ थांबवल्याची नोंद घेऊन गेल्या. पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी भारतात फिरून अशा साधकांच्या नोंदी घेतल्या, त्या १९६१ मध्ये छापून आल्या. नाडी हाताला लागेनाशी होत होती, स्टेथोस्कोपमध्येही आवाज दबत होता, पण ईसीजीवर हृदय नीट चालू होतं. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू जोरात आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि नाडी लोपते. यात फसवणूक नव्हती, शरीरावरचा विलक्षण ताबाच होता. फक्त ज्याचा दावा होता तो ताबा नव्हता. आणि हे मोजणं काही फक्त परदेशी लोकांचं खूळ नव्हतं. इथे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच कैवल्यधाम काढून योगक्रियांमध्ये पोटातला दाब मोजायला, एक्स-रे घ्यायला सुरुवात केली होती. तुमच्या प्रयोगाला वंशावळ शोधायची तर ती पॅरिस-न्यूयॉर्कपेक्षा घाट उतरायच्या अलीकडेच सापडते.

रंगमंच आणि ध्यान यांच्या ओढाताणीवर माझ्या अनुभवातले उपाय सांगतो. ते सगळ्यांना लागू पडतीलच असं नाही. तुमची बैठक किती जुनी आहे, यावर बरंच अवलंबून आहे. दहा दिवसांचं एक शिबिर आणि नंतर रोजचा सराव नाही, अशी स्थिती असेल तर सहा महिने थांबा. रोज बसत असाल तर तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश घेऊ नका. प्रेक्षक आत यायच्या वीस मिनिटं आधीच बसा. ते येतील, खुर्च्या वाजतील, कुजबुजतील, आणि तुमचं शरीर त्यांना हळूहळू पचवेल. विंगेतून चालत येऊन बसलात तर पहिली दहा मिनिटं छातीतला ढोलच ऐकू येणार.

दुसरं, स्वतःचा आलेख स्वतःला दिसू देऊ नका. दिवा तुमच्या पाठीमागे ठेवा. आपल्या श्वासावर दिवा मालवतोय हे दिसलं की मनात ‘जमलं!’ उमटतं, आणि त्याच क्षणी सगळं विस्कटतं. शिबिरात ज्याला तृष्णा म्हणतात ती दोनशे वॉटच्या बल्बपाशी इतकी स्वच्छ दिसते की तोच प्रयोगाचा विषय करावासा वाटला तर मात्र दिवा मुद्दाम समोर ठेवा. दोन वेगळी नाटकं आहेत ही. एकात दोन्ही कोंबू नका.

दिव्यांबद्दल थोडं. संकेत थेट दिव्याला जोडू नका, डोळ्यांना त्रास होतो आणि अर्थही कळत नाही. आधी तीन-चार मिनिटं नुसती नोंद घ्या, तुमची त्या दिवसाची शांत पातळी काढा, आणि तिच्यापासून किती फरक पडला त्यावर दिवा चालवा. परवाची पातळी आज चालत नाही. श्वासासाठी एलईडीपेक्षा जुना हॅलोजन चांगला. त्याची तार हळू तापते, हळू निवते, म्हणून तो आपणहून श्वास घेतल्यासारखा दिसतो. डिमरच्या वायरी अंगावरच्या वायरींपासून लांब, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. पहिल्या तीन मिनिटांत प्रेक्षकाला नातं कळलं पाहिजे: एक ठोका, एक उजेड. ते कळलं नाही तर पुढची ३७ मिनिटं त्याला वाटेल की विंगेत कुणीतरी बसून दिवे चालवतंय. आणि खरंच कुणी बसवू नका. सेन्सर निसटला तर दिवा विझू द्या, उठा, तो परत लावा, पुन्हा बसा. माझ्या एका प्रयोगात हे दोनदा झालं आणि लोकांना नेमकं तेच लक्षात राहिलं.

नाडीचा सेन्सर बोटाला न लावता कानाच्या पाळीला लावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बोटं गारठतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरला ठोका सापडत नाही. एसी हॉलमध्ये तर बारा महिने. श्वासासाठी छातीच्या खालच्या फासळ्यांवर ताणला जाणारा पट्टा, फार आवळायचा नाही. ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड वापरणार असाल तर संकेत एडीसी-१ (संकेताचे आकडे करणारा भाग) च्या पिनांवर, म्हणजे ३२ ते ३९ यांवरच घ्या. वायफाय चालू असताना एडीसी-२ काम करत नाही आणि माणूस रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. मी बसलोय.

आता ज्यावर मी तडजोड करत नाही ते. अंगाला लागलेलं काहीही भिंतीतल्या विजेशी वायरनं जोडलेलं नसावं. लॅपटॉपचा चार्जर काढला की झालं, असं लोक समजतात, पण त्याच लॅपटॉपची केबल प्रोजेक्टरला गेली असेल तर प्रोजेक्टर भिंतीतच आहे. म्हणून अंगावरचा भाग बॅटरीवर आणि तिथून लॅपटॉपकडे फक्त वायफाय. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा झगझगीत प्रकाश टाळा; अपस्माराचा त्रास असलेल्या काहींना त्यानं झटका येऊ शकतो, आणि अल्फावर दिवा थेट लुकलुकवायची कल्पना नेमकी या पट्ट्यात पडते. पेसमेकर असलेल्या कुणालाही इलेक्ट्रोड लावू नका.

आणि प्रेक्षकांना सेन्सर लावणार असाल तर हे वाचा. एकदा मी एका प्रेक्षकाला पुढे बोलावलं, नाडीचा सेन्सर लावला आणि आलेख मोठ्या पडद्यावर टाकला. ठोके अनियमित होते, मधेच एक गाळून. अशा ठोक्यांची कारणं साधीही असतात, सेन्सर सैल असणं हे त्यातलंच एक. पण माझी इतकी वर्षं मॉनिटरसमोर गेलेली. चेहरा लपला नसणार. त्यांच्या पत्नी खुर्चीतून उठल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, “हे असं का येतंय?” मी डॉक्टर नाही. प्रयोग तिथेच थांबला. नंतर बाजूला घेऊन त्यांना एवढंच सांगितलं की एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. सगळं ठीक निघालं, असा त्यांचा फोन आला, पण ते चार दिवस त्या घरात कसे गेले असतील याचा विचार आजही नको वाटतो. तेव्हापासून प्रेक्षकाच्या शरीराचा आलेख पडद्यावर कधीच नाही. फक्त एक दिवा, तोही सरासरी काढून मवाळ केलेला. नोंद साठवायची असेल तर आधी लेखी संमती.

जागेचं म्हणाल तर कालिदास कलामंदिर यासाठी फार मोठं. सपाट जमिनीचा, पन्नास माणसांचा हॉल बघा, आणि गणपतीच्या आधीचा महिना टाळा. संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की तुमच्या वीस टाळांना कोण विचारतो? पांडवलेण्यांत करावं असं तुमच्या मनात आलंच असेल, सगळ्यांच्या येतं. संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय तिथे प्रयोग करता येणार नाही. पण एखाद्या आडवारी सकाळी लवकर पायऱ्या चढून जा, सेन्सर न घेता. २४ लेण्यांतली बहुतेक विहार आहेत, भिक्षूंच्या राहण्याच्या, बसण्याच्या खोल्या. अठरावं तेवढं चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं. त्यातल्या एखाद्या रिकाम्या कोनाड्यात अर्धा तास बसून या. मी तालीम अडली की तेच करतो.

बँड अजून घेतला नसेल तर आठवडाभर थांबा. कोविडच्या वेळचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात कुठेतरी पडलेला असेल, त्यात सेल घाला. सकाळी एकट्यानं बसून ठोके लिहा, संध्याकाळी चार मित्रांसमोर बसून लिहा. सात दिवसांच्या त्या दोन रकान्यांतून तुमचं नाटक कोणतं, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच लवकर कळेल. जमलं तर आकडे इथे टाका, मलाही बघायचेत.

राहिली पॉवर बँक. चालेल, पण काही पॉवर बँका फार कमी करंट घेणारं यंत्र लावलं की फोन पूर्ण भरला असं समजून काही सेकंदांत स्वतःच बंद होतात. दुकानात दोन मिनिटं लावून बघून उपयोग नाही. घरी पूर्ण ४० मिनिटं चालवून बघा, आणि विंगेत दुसरी भरून ठेवा.